आकडा आणि माप

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि आमच्या घरी माळ्यावरची भांडी खाली उतरवण्याचे काम ऐन रंगात आले होते. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती आणि चेहरा असा, की आमच्या सौभाग्यवतींनी हातातला कुंचा बाजूला ठेवून आधी त्याला पाणी दिले.

“सर,” पेला तसाच हातात धरून तो म्हणाला, “माझ्या हातनं कार्ड जळालं.”

मी कागद सोडला. आत संगणकाचे ग्राफिक्स कार्ड होते. वीतभर लांबीची हिरवी पाटी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि ठोकळ्यावर एक पंखा. ते मी लगेच ओळखले, कारण ते विकत घेताना मी त्याच्याबरोबर होतो. हा मुलगा माझ्याकडे चित्रकला शिकला. आता तो संगणकावर हलती चित्रे करतो. उन्हाळ्यात दोन महिने फ्लेक्सच्या दुकानात रात्री जागून त्याने सहा हजार रुपये जमवले आणि एका मोठ्या शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानात आम्ही दोघे गेलो. घ्यावे की न घ्यावे, असा त्याचा जीव वरखाली होत होता. दुकानदाराने कार्ड संगणकाला जोडले आणि पडद्यावर आकडा दाखवला : मेमरी चार गिगाबाइट. तो आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचला आणि म्हणालो, “घे. पडदा काय खोटं बोलणार आहे?”

पुढची हकिकत त्याने खाली मान घालून सांगितली. असली कार्डे कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवता येतात, असे त्याच्या वाचनात आले. त्यासाठी फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम असतो आणि त्यात उजवीकडे सरकवायची एक खुंटी. ती त्याने सरकवली. चित्रावर रंगीत ठिपके उठले. घाबरून त्याने खुंटी जागच्या जागी आणली, पण ठिपके गेले नाहीत. लहानसहान काम नीट होई. मोठे दृश्य उघडले की मात्र चित्र फाटे आणि यंत्र गोठून जाई.

“लोभ केला, सर. होतं तेवढ्यावर भागवायला हवं होतं.”

त्याच्यापुढे चिवड्याची बशी ठेवली, धीर दिला आणि कार्ड माझ्याकडे ठेवून घेतले. पण तो गेल्यावर मला चैन पडेना. पोराने स्वतःला अपराधी ठरवून टाकले होते आणि ‘घे’ म्हणणारा मी मात्र नामानिराळा राहिलो होतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. तरी फराळाच्या ताटापासून दिव्यांच्या वातींपर्यंत सगळ्यांची बोलणी खात मी ती सुट्टी ह्याच विषयाच्या वाचनात घालवली. कार्डाला काय झाले एवढेच शोधायला गेलो आणि हाती लागला चांगला चाळीसपंचेचाळीस वर्षांचा इतिहास. वस्तूवर लिहिलेल्या आकड्यात वस्तूची खरी कुवत किती आणि विकणाऱ्याची सोय किती, ह्या एका प्रश्नाभोवती तो सारा इतिहास फिरतो.

आधी मेमरी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नववीच्या मुलांना मी आलेखाच्या कागदावर चित्र काढायला लावतो. एका चौकटीत एकच रंग भरायचा, असा नियम. कागद दूर धरला की चौकटी विरघळतात आणि चित्र उभे राहते. संगणकाचा पडदा असाच. आज घरोघरी जो पडदा असतो, त्याच्यावर पुष्कळदा आडव्या १९२० आणि उभ्या १०८० चौकटी असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. एकेका चौकटीचा रंग टिपून ठेवायला चार बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागले. ढोबळ मानाने आठ मेगाबाइट. ही टिपणवही कार्डाच्या मेमरीत असते आणि ती वाचून कार्ड सेकंदाला साठ साठ वेळा पडदा रंगवते.

मग चतुर वाचक विचारील, की आठ मेगाबाइटांत चित्र मावते तर चार गिगाबाइट, म्हणजे त्याच्या पाचशेपट जागा, हवी कशाला? जुन्या नाटक मंडळ्या आठवाव्यात. रंगमंचावर दिसे एक राजवाडा, पण विंगेमागे जंगलाचा पडदा, देवळाचा पडदा, मुकुट, शेले, गदा असा सारा पसारा भरलेला असे. संगणकावरच्या त्रिमिती दृश्याचेही तेच. भिंतीचा पोत, गवताचा पोत, माणसाच्या चेहऱ्याची कातडी, सगळी चित्रे कार्डाला हाताशी लागतात. कपडेपट पुरला नाही, तर दर प्रवेशाला गावातून सामान आणावे लागते आणि प्रेक्षक ताटकळतात.

ह्या सगळ्या धावपळीला ठेका देणारे एक घड्याळ असते. गारेच्या स्फटिकाला विजेचा धक्का दिला की तो ठरावीक वेगाने कंप पावतो. आपल्या मनगटी घड्याळातही तोच असतो. दर ठोक्याला कामाचे एक पाऊल पडते. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ठोके वाढवले की काम भरभर होते. कारखान्याने ठरवून दिलेल्यापेक्षा ते जास्त वाढवणे, ह्याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. आपल्या भाषेत, पळता घोडा आणखी दामटणे.

आता मौज पाहा. घरोघरी पोचलेल्या संगणकाचा जो मूळपुरुष, तो आय. बी. एम. कंपनीचा पी. सी., १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आला, तो दामटलेला नव्हे, तर लगाम खेचलेला होता. त्याची ८०८८ ही इंटेलची चिप सेकंदाला पन्नास लाख ठोके सहज सोसणारी. यंत्रात मात्र तिला ४७ लाख ७० हजारांच्या आसपासच ठोके मिळत. ह्याला कारण चित्र! यंत्राला रंगीत चित्राचे कार्ड जोडायचे होते आणि ते कार्ड अमेरिकेतल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या तालावर चालावे लागे. त्या तालाच्या चौपट वेगाचा, १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा, स्फटिक दूरचित्रवाणीच्या धंद्यामुळे मुबलक आणि स्वस्त मिळे. तेव्हा सगळ्या यंत्राला मिळून तो एकच बसवला. त्याला चारांनी भागून चित्राचा ताल काढला, तिहींनी भागून चिपचा. भागाकार जो आला तो आला. चिपच्या कुवतीतले सेकंदाला सव्वादोन लाखांहून अधिक ठोके असे काटकसरीत गेले.

त्या रंगीत कार्डाची मेमरी होती सोळा किलोबाइट. आडव्या ३२० आणि उभ्या २०० चौकटी, आणि रंग फक्त चार. हिशेब करून पाहिला तर सोळा हजार बाइट होतात, म्हणजे माप काठोकाठ भरले. दुसरे कार्ड नुसत्या अक्षरांचे, त्याची मेमरी चार किलोबाइट. चित्राचे नाव नाही आणि अक्षरे तीही रोमन.

येथे एका माणसाची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. व्हॅन सुवन्नुकुल हा मूळचा थायलंडचा. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा अशी त्याची इच्छा. थाई लिपीतही आपल्यासारखीच अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी चिन्हे येतात. आय. बी. एम.च्या अक्षरी कार्डावर ती उमटणे शक्य नव्हते आणि रंगीत कार्डावर अक्षर इतके ओबडधोबड दिसे, की वाचणाऱ्याचे डोळे दुखावेत. तेव्हा ह्याने १९८२ च्या सुमारास स्वतःचेच कार्ड तयार केले. ७२० बाय ३४८ चौकटी, रंग एकच, मेमरी ६४ किलोबाइट. हेच ते पुढे जगभर खपलेले हर्क्युलिस कार्ड. मातृभाषेत लिहिण्याच्या ओढीतून एका मोठ्या धंद्याचा जन्म झाला, ह्याचे मला, मराठीत कादंबऱ्या लिहिणाऱ्याला, फार अप्रूप वाटते. आपल्याकडेही भारतीय लिप्यांसाठी असाच खटाटोप झाला. कानपूरच्या आय. आय. टी.त सुरू झालेले ते काम १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढीस लागले आणि ‘जिस्ट’ नावाच्या कार्डाने पी. सी.च्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटू लागली.

घोडा दामटण्याची खरी सुरुवात १९८४ सालची. त्या वर्षी आय. बी. एम.ने ए. टी. नावाचे यंत्र आणले. त्यात १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता आणि त्याचा निम्मा, म्हणजे ६ मेगाहर्ट्झचा, वेग चिपला मिळे. स्फटिक खाचेत बसवलेला होता. नखाने उपसून काढता येई. कुणाच्या तरी ध्यानात आले, की त्या जागी १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक टोचला तर तेच यंत्र ८ मेगाहर्ट्झने चालते. चार पैशांच्या तुकड्यात यंत्र एकतृतीयांशाने वेगवान! लोकांनी धडाधड स्फटिक बदलले. कंपनीला ते रुचले नाही. पुढच्या यंत्रांत तिने एक पहारेकरी बसवला. यंत्र सुरू होताना तो ठोके मोजी आणि ते जास्त भरले तर यंत्र चालू देत नसे. मग १९८६ साली कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचे यंत्र विकायला काढले. लोक जे करीत होते ते अशक्य नव्हते, धोक्याचेही फारसे नव्हते. ते फक्त कंपनीच्या किंमतपत्रकात बसत नव्हते.

तरी कारखान्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. चिपा एकेक करून घडवीत नाहीत. सिलिकॉनच्या एका चकतीवर त्या शेकड्यांनी एकदम उमटतात आणि एकाच घाण्यातल्या जिलब्यांप्रमाणे त्यांत थोडा फरक राहतोच. कारखाना त्या तपासतो, सोसतील त्या वेगाप्रमाणे प्रतवारी लावतो आणि वर थोडी सूट ठेवतो. कारण गिऱ्हाईक ती चिप मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत वापरील, की थंड हवेच्या ठिकाणी, हे त्याला ठाऊक नसते. ती सगळीकडे आणि पुष्कळ वर्षे चालली पाहिजे. ही सूट म्हणजे प्रामाणिकपणाच. पण पुढे असे होते, की घाणा चांगला उतरतो, उंची चिपा ढीगभर निघतात आणि बाजारात मागणी असते स्वस्त चिपेची. तेव्हा उंची चिपेवरच स्वस्ताचा आकडा छापून ती विकतात. १९९८ साली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही स्वस्त चिप आली. तिच्यावर आकडा ३०० मेगाहर्ट्झचा. बाहेरच्या ६६ च्या ठेक्याला साडेचारांनी गुणून तो आलेला. लोकांनी ठेका १०० केला आणि पुष्कळ चिपा ४५० वर सुखाने धावू लागल्या. दीडपट! इतकी उजळ दामटणी पुढे फारशी पाहायला मिळाली नाही.

जेथे चांगल्याला हलके म्हणून विकतात, तेथे हलक्याला चांगले म्हणून विकणारेही निघतातच. त्याच दशकात काही व्यापारी स्वस्त चिपेवरची अक्षरे खरवडून तेथे मोठा आकडा छापीत आणि महाग भावाने विकीत. पुढे इंटेलने गुणकच कुलूपबंद करून टाकले. त्या कुलपाने चोर अडले आणि हौशी माणसेही.

चित्राच्या कार्डांत ही हौस शिरली ती त्रिमिती खेळांबरोबर. १९९६ साली थ्रीडीएफएक्स ह्या अमेरिकन कंपनीचे व्हूडू कार्ड आले. वेग ५० मेगाहर्ट्झ, मेमरी चार मेगाबाइट. ती मेमरी दोन वाट्यांत विभागलेली होती : दोन मेगाबाइट चित्राच्या वहीसाठी, दोन पोतांच्या कपडेपटासाठी. मला ह्या हिशेबाची मोठी मौज वाटली. ६४० बाय ४८० चौकटींचे चित्र, चौकटीला दोन बाइट, म्हणजे ६,१४,४०० बाइट. एक चित्र पडद्यावर दिसते आहे, दुसरे मागे रंगवले जाते आहे आणि तिसऱ्या वहीत कोणती वस्तू पुढे, कोणती मागे ह्याची नोंद चालली आहे. तिन्ही मिळून १८ लाख ४३ हजार २००. दोन मेगाबाइटांत ते बसते आणि थोडे उरते. म्हणजे कार्डाची मेमरी किती, ह्यावरच त्रिमिती चित्र किती बारीक काढता येईल ते ठरून जाई. आमच्या कागदाचे तसेच आहे. चौकटी संपल्या की हात कितीही कुशल असो, चित्र थांबते.

वेगाचे मात्र तसे नव्हते. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या एका लेखी सूचनेत ५० च्या जागी ५७ लिहिले, की व्हूडू त्या वेगाने चालायला लागे. स्फटिक उपसायला नको, डाग द्यायला नको. पुढे खुंटी सरकवून वेग वाढवणारे प्रोग्रॅम निघाले. त्यांतला रिव्हाट्यूनर हा अलेक्सी निकोलायचुक ह्या रशियन माणसाने लिहिला. आज ज्या आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅमने माझ्या विद्यार्थ्याने खुंटी सरकवली, तोही त्याच्याच कामावर उभा आहे. थ्रीडीएफएक्सचा मात्र लवकरच अस्त झाला. २००० साल संपता संपता तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेत असल्याचे जाहीर झाले.

खुंटी सरकवल्याने कार्ड जळते का? पोराच्या मानेवर जे ओझे होते, ते ह्याच प्रश्नाचे. चिपेत होणारी उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसते ठोके शेकडा दहा वाढवले, तर उष्णता शेकडा दहा वाढली. त्याच्या जोडीला दाबही शेकडा दहा वाढवला, तर १.१ चा वर्ग १.२१ आणि त्याला पुन्हा १.१ ने गुणून १.३३, म्हणजे उष्णता तृतीयांशाने अधिक. खरा घात दाब वाढवण्यात आहे. खुंटीने ठोकेच वाढतात. शिवाय आजची कार्डे फार तापली की आपण होऊन मंदावतात, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की, मुद्दाम तशी व्यवस्था करून ठेवली नसेल तर, सरकवलेली खुंटी मूळ जागी जाते. पोराने दाबाला हात लावला नव्हता.

अतिवेगाची लक्षणेही ठरलेली आहेत. चिपेचा वेग झेपेनासा झाला की खेळ मध्येच बंद पडतो. मेमरीचा वेग झेपेनासा झाला की लिहिलेले एक आणि वाचलेले भलतेच असे होते. चित्रावर रंगीत ठिपके, चौकडे, फाटलेले त्रिकोण दिसू लागतात. नव्या धर्तीच्या मेमरीला आपली चूक कळते आणि ती तोच मजकूर पुन्हा मागवते. त्यामुळे तेथे ठिपके न उठताही काम मंदावते, आणि वेग वाढवावा तो काम कमी अशी उलटी तऱ्हा होते. म्हणून जाणकार खुंटी थोडी थोडी सरकवतात आणि दर खेपेला मोजून पाहतात. अर्थात ही सगळी लक्षणे वेग उतरवला की जायला हवीत. येथे तर वेग उतरवूनही ठिपके राहिले होते, आणि तेही मोठे दृश्य उघडल्यावरच! वाचता वाचता माझे बोट ह्या ओळीवर थबकले.

दामटण्याचे पर्व तसे आता ओसरले आहे. मार्च २०१२ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६८० ह्या कार्डापासून कार्डेच स्वतःची उष्णता आणि वीज पाहून वेग वाढवू लागली. हौशी माणूस जे रात्र रात्र जागून करी, ते कारखाना आधीच करून देतो. हौशी माणसाला उरते ते चार-सहा टक्क्यांचे समाधान.

पण मेमरीच्या आकड्याचा प्रश्न संपला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० हे कार्ड आले, मेमरी चार गिगाबाइट. काही महिन्यांत धनी लोकांच्या लक्षात आले, की साडेतीन गिगाबाइटांपर्यंत सगळे सुरळीत चालते आणि पुढे काहीतरी अडखळते. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने खुलासा केला : मेमरी चारच आहे, पण तिचा शेवटचा अर्धा गिगाबाइट बाकीच्यापेक्षा पुष्कळ मंद आहे, आणि आरंभी दिलेल्या तपशिलातले आणखी दोन आकडेही चुकीचे होते. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ साली कार्डामागे ३० डॉलर देऊन तडजोड ठरली. हे उघड कुणी केले? कार्ड विकत घेतलेल्या साध्या माणसांनी, मेमरी तळापासून भरत भरत वर नेऊन.

ह्याच्या उलटही घडले. २०१६ साली एएमडीचे आरएक्स ४८० कार्ड आले, चार गिगाबाइटांचे आणि आठ गिगाबाइटांचे. सुरुवातीच्या काही चारवाल्या कार्डांवर प्रत्यक्षात आठ गिगाबाइट मेमरी बसवलेली होती. कार्डाच्या पोटात एक लहानशी कायमची टिपणी असते, तिला बायॉस म्हणतात. मी कोण, माझी मेमरी किती, माझा वेग किती, हे संगणकाला तीच सांगते. त्या टिपणीत चार लिहिले म्हणून चार! ज्यांनी टिपणी बदलली, त्यांना दडलेले चार फुकट मिळाले.

हे वाचले आणि मी ताडकन उठून बसलो. दुकानात पडद्यावर जो आकडा मी वाचला, तो त्या टिपणीतला होता. पडदा खोटे बोलला नव्हता. त्याला जे सांगितले तेच त्याने बोलून दाखवले होते. आठाचे चार लिहिता येतात, तर एकाचे चार लिहायला कोण अडवतो?

आणि लिहिणारे होतेच. दहा-दहा वर्षांच्या जुन्या चिपांची कार्डे काढायची, टिपणीत नव्या कार्डाचे नाव आणि मोठी मेमरी लिहायची, नवे खोके करायचे आणि विकायची, असा एक धंदाच चालत आला आहे. तो इतका बोकाळला, की कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड ह्या प्रोग्रॅमने २०१८ साली असली सोंगे ओळखण्याची सोय केली. नाव एक आणि आतली चिप दुसरीच दिसली, तर तो नावापुढे ‘बनावट’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लावतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी पोराला बोलावून घेतले. त्याच्याच संगणकावर कार्ड पुन्हा चढवले. त्याच्याकडचा माहिती दाखवणारा प्रोग्रॅम फार जुना होता. नवा उतरवून घेतला. कार्डाच्या नावापुढे तो शब्द उमटला. पोरगा वाचून गप्प राहिला. मी म्हटले, “एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. ह्या खेपेला भरून बघू.”

आमच्या लहानपणी आजी वाण्याकडून धान्य आणले की घरच्या पायलीने पुन्हा मोजी. वाण्याच्या पायलीवर सरकारी छाप असे, पण तळाला पोचा असला तर छाप काय करणार? मेमरीलाही तीच परीक्षा. ओसीसीटी नावाच्या प्रोग्रॅमात तशी सोय आहे : तो मेमरीच्या घराघरात खुणा लिहीत जातो आणि मग त्या जशाच्या तशा परत येतात का ते वाचून पाहतो. आम्ही चार गिगाबाइट भरायला सांगितले. पहिला एक गिगाबाइट कसा गुळगुळीत भरला. त्याच्या जरा पुढे आकडा गेला मात्र, पडद्यावर तेच ते रंगीत ठिपके सांडले आणि यंत्र जागच्या जागी गोठले. यंत्र पुन्हा सुरू केले, पुन्हा भरले. पुन्हा तेथेच.

मग पंख्याचे चार स्क्रू काढले, ठोकळा उचलला आणि चिपेवरचा पांढरा लेप फडक्याने पुसला. खोक्यावरचे नाव होते २०१६ सालच्या जीटीएक्स १०५० टीआय ह्या कार्डाचे. त्यावर जीपी १०७ ही चिप असायला हवी. पुसलेल्या चिपेवर अक्षरे होती जीएफ ११६. ती २०११ सालची.

“म्हणजे,” पोरगा हळूच म्हणाला, “मी नाही जाळलं?”

“जळलंच नाही काही. दुकानातनं आणलं तेव्हापासून हे असंच आहे. तू मोठं चित्र उघडलंस म्हणून कळलं.”

तो हसला नाही. बराच वेळ ती अक्षरे पाहत बसला. मग म्हणाला, “सर, तरी मी खुंटी सरकवायच्या आधी एकदा भरून बघायला हवं होतं.” मला जे म्हणायचे होते, ते त्याने स्वतःच्या नावावर घेतले.

दुकानदाराकडे आम्ही दोघे गेलो. मीही फसलो, असे तो म्हणाला, खरे असेलही. तासभर घासाघीस होऊन तीन हजार परत मिळाले. उरलेले तीन हजार मी देऊ केले, ते पोराने घेतले नाहीत. तेव्हा शाळेच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रणपत्र आणि पाठीमागच्या पडद्याचे चित्र त्याच्याकडून करून घेतले आणि मेहनताना म्हणून माझ्या खिशातले तीन हजार त्याच्या हातावर ठेवले. ते माझ्या खिशातले होते, हे हा अंक हाती पडेपर्यंत त्याला ठाऊक नाही. त्या पैशांतून त्याने दुसरे कार्ड घेतले. ह्या खेपेला एक पेनड्राइव्ह बरोबर नेला होता. दुकानाच्या संगणकावर मेमरी शेवटच्या घरापर्यंत भरून पाहिली, वाचून पाहिली आणि मगच पैसे मोजले. दुकानदार जांभया देत होता. नव्या कार्डाची खुंटी त्याने आठवड्याभराने सरकवली. किती सरकली ते मला कळवायला तो विसरला नाही. ठोके शेकडा सहा वाढले, ठिपके नाहीत.

खोटे कार्ड माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या कपाटात आहे. ठोकळा काढलेला, चिप उघडी. नववीच्या मुलांना आलेखाचा कागद दिला की ते एकदा हातोहात फिरवतो. चिपेच्या भोवती लहान लहान काळे चौकोन आहेत, ते मेमरीचे. मुले बोट लावून मोजतात. आठ भरतात. एकेकात १२८ मेगाबाइट, असे मी सांगतो. फळ्यावर गुणाकार होतो, १०२४. मग कुणीतरी खोक्यावरचा आकडा मोठ्याने वाचतो आणि मुले पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात.